छत्तीसशे फेरे

ताशी 9 किलोमीटर हा वेग चालणाऱ्याला जास्त आणि पळणाऱ्याला कमी. अमेरिकेतल्या जुन्या हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या प्रवाहानं वेग बदलणाऱ्या, गार्डन ट्रॅक्टरांची धाव साधारण याच्या आसपास संपते. कुणी 8 वर थांबतो, कुणी 10 गाठतो, एखादा त्याच्याही थोडा पुढे जातो. ज्यांनी हे ट्रॅक्टर 1960 आणि 70 च्या दशकांत नवे घेतले, त्यांना तेवढा वेग पुरत होता. गवत कापायचं, बर्फ ढकलायचा, परसातली भाजीची पट्टी नांगरायची, एवढंच काम असायचं. आज त्यांच्या नातवंडांना तो पुरत नाही. लिलावात जुनं यंत्र दिसलं की ज्यांचा पाय तिथून निघत नाही, अशा माझ्यासारख्यांनाही कधी कधी पुरत नाही. "हा जरा जोरात पळवता येईल का?" हा प्रश्न उत्तर इलिनॉयमधल्या आमच्या भागात कुठल्याही जुन्या ट्रॅक्टरभोवती चार माणसं जमली की निघतोच.

मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण तो विचारणारा माणूस यंत्र मोडीत काढायला निघालेला नसतो. त्याला ते अजून वापरायचं असतं.

आमच्याकडे घरं गावाबाहेर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांना लागून आहेत. घरामागे एक-दोन एकर जागा असते, टपालाची पेटी थेट रस्त्याकडेला आणि सरपणाचा ढीग पार कुंपणाजवळ. काम करताना ट्रॅक्टर हळू चालला तर कुणाची तक्रार नसते. गवत कापताना ताशी 5 किलोमीटरच्या वर गेलं तर पाती नीट कापतच नाहीत. त्रास होतो तो रिकाम्या फेऱ्यांचा. सरपण उतरवून छोटी ट्रॉली परत न्यायची, जानेवारीत बर्फ ढकलत रस्त्यापर्यंत जायचं आणि तेवढंच अंतर उलट यायचं. उणे 15 अंशांत उघड्या सीटवर बसलेल्या माणसाला प्रत्येक मिनिट मोजावंसं वाटतं. आमचे शेजारी निवृत्त दूधवाले शेतकरी आहेत, गुडघ्यांनी त्यांना केव्हाच रजा दिली आहे. त्यांच्यासाठी गार्डन ट्रॅक्टर म्हणजे घर ते गोठा ते टपालपेटी फिरायचं वाहनच. त्यांनी वेग मागितला तर ती हौस नव्हे, गरज आहे.

पण वेग वाढवायचा म्हणजे नेमकं काय वाढवायचं, हे समजायला आधी यंत्राच्या पोटात जावं लागतं. आणि पोटात जायचं तर वाटेत रॉकफर्ड लागतं.

रॉकफर्ड हे उत्तर इलिनॉयमधलं कारखान्यांचं शहर, स्वीडनहून आलेल्या कारागिरांनी वाढवलेलं. सुंडस्ट्रँड हे नाव इथलंच. या घराण्यातल्या ऑस्कर सुंडस्ट्रँड यांनी 1914 मध्ये दहा कळांचं बेरीजयंत्र बनवलं. आजच्या कॅल्क्युलेटरवर आकड्यांच्या कळा ज्या धाटणीनं मांडलेल्या असतात, तिचं मूळ त्या यंत्रात आहे. सुंडस्ट्रँड मशीन टूल कंपनी उभी राहिली 1926 मध्ये. ती यंत्रं बनवणारी यंत्रं बनवायची. 1940 च्या दशकात याच कंपनीनं बी-36 या अवाढव्य बॉम्बर विमानासाठी एक जोडयंत्र केलं. विमानाच्या इंजिनाचा वेग सारखा कमी-जास्त होतो, पण विमानातल्या जनरेटरला मात्र एकाच वेगानं फिरावं लागतं, नाहीतर विजेची वारंवारता बिघडते. दोघांच्या मध्ये तेलाच्या दाबावर चालणारा पंप आणि मोटर बसवून त्यांनी तो प्रश्न सोडवला. आत येणारा वेग बदलता, बाहेर जाणारा स्थिर.

गार्डन ट्रॅक्टरमध्ये नेमकं याच्या उलट घडतं. इंजिन एकाच वेगानं फिरत राहतं आणि चाकांचा वेग हवा तसा बदलतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे कब कॅडेट ट्रॅक्टर 1960 च्या अखेरीस केंटकी राज्यातल्या लुइव्हिलमधून बाहेर पडू लागले, तेव्हा ते गिअरचे होते. 1960 च्या दशकाच्या मध्यावर त्यांत आणि साउथ बेंडच्या व्हील हॉर्सच्या ट्रॅक्टरांत सुंडस्ट्रँडची हायड्रोस्टॅटिक जोडणी आली. विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून जॉन डिअरचा 140 हा हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर 1968 पासून निघाला. वीसेक वर्षांत हे तंत्र विमानातल्या आणि मोठ्या यंत्रांच्या दुनियेतून परसदारी आलं.

हे घडतं कसं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. पंपात एक फिरता ठोकळा असतो, त्यात गोलाकार मांडलेले छोटे पिस्टन. पिस्टनांची डोकी एका तबकडीला टेकलेली असतात आणि ती तबकडी कलती करता येते. तबकडी सरळ असेल तर ठोकळा नुसता फिरतो, पिस्टन आत-बाहेर होत नाहीत, तेल हलत नाही, ट्रॅक्टर उभा. तबकडी थोडी कलली की प्रत्येक पिस्टन एका फेऱ्यात एकदा तेल ओढतो आणि एकदा ढकलतो. जास्त कलली की जास्त तेल, उलट बाजूला कलली की तेलाचा प्रवाहही उलटा आणि ट्रॅक्टर मागे. हे तेल शेजारच्या मोटरमध्ये जातं. तिची तबकडी कायम एकाच कोनात बसवलेली असते, त्यामुळे जेवढं तेल येईल तेवढे फेरे ती घेते. पुढे गिअर, मग चाकं. क्लच दाबायचा नाही, गिअर टाकायचा नाही. लिव्हर पुढे केली की पुढे, मागे ओढली की मागे.

सुंडस्ट्रँडच्या 15 सिरीजच्या पंपात तबकडी पूर्ण कलली की एका फेऱ्यात साधारण 15 घनसेंटिमीटर तेल निघतं. इंजिन मिनिटाला 3600 फेरे घेत असेल तर मिनिटाला 54 लिटर. मोटरही तेवढ्याच मापाची, म्हणजे गळती सोडली तर तीही जवळजवळ 3600 फेरे घेते. ताशी 9 किलोमीटरला 23 इंची चाक मिनिटाला साधारण 80 फेरे घेतं, म्हणजे मधले गिअर वेग चाळीस-पंचेचाळीस पटींनी खाली आणतात. वेगाचा सगळा हिशेब या साखळीत आहे: इंजिनाचे फेरे, तबकडीचा कोन, गळती, गिअर आणि चाकाचा घेर.

माझा भाचा पुण्यात ट्रॅक्टरच्याच क्षेत्रात आहे. त्याला मी हे सगळं फोनवर सांगत होते. तो म्हणाला, "मावशी, एवढं कशाला? इंजिनाकडची पुली मोठी बसव, झालं!"

पट्ट्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरांत हा मार्ग आहेच. व्हील हॉर्सच्या अनेक हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरांत इंजिन आणि पंपाच्या मध्ये पट्टा असतो. इंजिनाकडची पुली दहा टक्के मोठी केली की पंप दहा टक्के जास्त फिरतो. पण पंपाच्या फेऱ्यांना निर्मात्यानं घालून दिलेली मर्यादा असते, ती आधी पुस्तिकेत बघावी लागते. आणि पंप जास्त फिरला की तेलही जास्त तापतं. कब कॅडेटसारख्या ट्रॅक्टरांत तर इंजिनापासून पंपापर्यंत सरळ दांडा जातो, मध्ये पुली नाहीच. माझा ट्रॅक्टर त्याच जातीचा, दांड्याचा. भाच्याला मी म्हटलं, "पुली नाही रे बाबा. आणि असती तरी आधी मोजलं असतं."

मोजणं म्हणजे काय, तर सपाट डांबरी रस्त्यावर 30 मीटरवर दोन खुणा करायच्या, ट्रॅक्टर आधीपासून पूर्ण वेगात आणायचा आणि दोन खुणांमधला वेळ बघायचा. 12 सेकंद लागले तर ताशी 9 किलोमीटर. हे एकदा थंड तेलावर करायचं आणि एकदा तासभर काम झाल्यावर. त्याच वेळी इंजिनाचे फेरे बघायचे. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं टॅकोमीटर मिळतं, तेवढ्यावर काम भागतं. माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगाची वस्तू तीच.

कारण या वयाच्या ट्रॅक्टरांवर ते लावलं की बऱ्याचदा आकडा 3600 च्या बराच खाली निघतो. रेसची लिव्हर शेवटपर्यंत वर, जास्त वेग दाखवणाऱ्या सशाच्या चित्राशी टेकलेली, आणि इंजिन 3000 वर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इंजिनच सहाव्या हिश्शानं कमी फिरत असेल तर 54 लिटरच्या जागी 45 लिटर तेल वाहतं आणि ताशी 9 च्या जागी साडेसात मिळतात. मालकाला वाटतं ट्रॅक्टर मूळचाच हळू आहे. तो मूळचा हळू नसतो. पन्नास वर्षांत रेसची केबल आपल्या क्लॅम्पमधून थोडी सरकलेली असते, गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचे फेरे ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग थकलेली असते, किंवा कुणीतरी कार्ब्युरेटर काढून परत बसवताना स्प्रिंग दुसऱ्याच भोकात अडकवलेली असते.

त्या काळच्या कितीतरी गार्डन ट्रॅक्टरांत कोहलरची के-मालिकेतली एका सिलिंडरची इंजिनं आहेत. के-301 हे 12 अश्वशक्तीचं, के-321 हे 14 अश्वशक्तीचं. त्यांचा गव्हर्नर आतल्या फिरत्या वजनांवर चालतो. इंजिनावर भार आला, फेरे पडायला लागले की वजनं आत येतात, बाहेरचा हात हलतो आणि कार्ब्युरेटर उघडतो. हा हात नीट बसवायची पद्धत सोपी आहे. त्याचा नट सैल करायचा, हात कार्ब्युरेटरपासून दूर ओढून धरायचा, मधला दांडा पकडीनं घड्याळाच्या काट्यांच्या उलट जिथवर जाईल तिथवर फिरवायचा आणि नट आवळायचा. मग टॅकोमीटर बघत वरची मर्यादा 3600 ला लावायची. वीस मिनिटांचं काम. त्यातून जो वेग परत मिळतो, तो पुढे सांगणार असलेल्या महागड्या टायरांतून मिळणाऱ्या वेगापेक्षा जास्त असू शकतो.

आणि 3600 म्हणजे 3600. इथं मला थोडं कडक बोलावंसं वाटतं. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून इंजिन 4500 वर नेणारे लोक आहेत. वेग लगेच पंचवीस टक्क्यांनी वाढतो, हे खरं. पण फिरणाऱ्या आणि वर-खाली होणाऱ्या भागांवरचा जोर फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो, म्हणजे 4500 ला तो दीडपटीहून अधिक होतो. या इंजिनांचा कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि तेलाचा पंप नसतो. रॉडच्या खालच्या टोकाला असलेली पळी तेल उडवते, तेवढंच वंगण. फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं असतं. गार्डन ट्रॅक्टरांच्या वजन ओढायच्या स्पर्धांसाठी इंजिन याहून वर पळवायचं असतं, तेव्हा हे फ्लायव्हील काढून पोलादी बसवतात आणि भोवती जाड कवच घालतात. ओतीव लोखंड फुटलं तर त्याचे तुकडे माणसाच्या अंगातून जाऊ शकतात. फ्लायव्हील चालवणाऱ्याच्या पुढ्यात, गुडघ्यांपासून हातभर अंतरावर असतं. शिवाय गवत कापायची पाती त्याच इंजिनावर फिरतात. अमेरिकन सुरक्षा मानकानं पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला 19,000 फुटांवर, म्हणजे सेकंदाला साधारण 96 मीटरवर बांधून दिला आहे. त्या मर्यादेजवळ बेतलेलं पातं पंचवीस टक्के जोरात फिरवलं तर खाली सापडलेला दगड किती दूर आणि किती जोरात जाईल, याचा विचार शेजारच्या अंगणात खेळणारी मुलं बघून करावा. इंजिनाचे फेरे वाढवून वेग मिळवणं मला मान्य नाही. कधीच नाही.

फेरे बरोबर असूनही ट्रॅक्टर हळू असेल तर पुढचा संशय लिव्हर आणि तबकडीच्या मधल्या जोडणीवर घ्यावा. ही जागा मला सगळ्यात जास्त आवडते, कारण इथं काहीही विकत न घेता, नुसतं बघून आणि हात लावून निदान होतं.

तबकडी आत, लिव्हर बाहेर. तबकडीचा दांडा केसिंगमधून बाहेर येतो, त्याला ट्रनियन म्हणतात. त्याच्या टोकाला खाच असते, खाचेत पिन, पिनेला धरून पत्र्याचा कॅम, आणि कॅमला लिव्हरकडून आलेली कांडी. आपण डॅशबोर्डवरची लिव्हर ढकलतो तेव्हा हालचाल एवढ्या सगळ्या सांध्यांतून जाऊन तबकडीपर्यंत पोचते. प्रत्येक सांध्यात थोडा खेळ असतो, आणि पन्नास वर्षांत तो वाढतो. सगळ्यात जास्त झीज खाचेत होते. पिन एकाच जागी घासत राहते आणि सरळ कडांची खाच अंडाकृती होते. मग लिव्हरची सुरुवातीची हालचाल वायाच जाते. ट्रॅक्टर निघत नाही, निघत नाही, आणि मग एकदम झटका देऊन निघतो. उतारावर तबकडी स्वतःच्या मनानं थोडी हलते आणि वेग धडधडत कमी-जास्त होतो. आणि वरच्या टोकाला लिव्हर आपल्या फटीच्या शेवटी टेकते तेव्हा तबकडी अजून पूर्ण कललेलीच नसते. जो वेग पंपात आहे तो चाकापर्यंत येत नाही.

तपासायला सोपं आहे. इंजिन बंद, मागची चाकं स्टँडवर, पुढच्या चाकांना उटी. एकानं लिव्हर हळूहळू पुढे-मागे करायची, दुसऱ्यानं खाली वाकून टॉर्चच्या उजेडात खाचेकडे बघायचं. लिव्हर हलतेय आणि ट्रनियन स्थिर आहे, असं जितका वेळ दिसेल तितका वेग तुम्ही हरवलाय. आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरखाली मी टॉर्च धरून पडले होते आणि ते वरून लिव्हर हलवत होते. मी "आता हलला" म्हणेपर्यंत लिव्हरनं बराच पल्ला मारलेला असायचा. निदानाला एवढं पुरलं.

दुरुस्तीसाठी पंप-मोटरचा पूर्ण जोड ट्रॅक्टरमधून उतरवावा लागतो. खाच वेल्डिंगनं भरायची आणि मग कानशीनं, पिन सरकेल पण हलणार नाही अशा बेतानं परत कोरायची. वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा ट्रनियनलाच लावायचा. दुसरीकडे लावला तर वीज आतल्या बेअरिंगमधून जाते आणि त्यांच्यावर डाग पडतात. उष्णतेनं ट्रनियनचं तेलसील जळतं, म्हणून थोडं भरायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा थोडं भरायचं. सांगलीला वालचंद महाविद्यालयाच्या कार्यशाळेत आम्हाला कानस चालवायला शिकवली तेव्हा वर्गातल्या अनेकांना तो वेळेचा अपव्यय वाटायचा. मला आजही कानशीइतकं विश्वासाचं दुसरं हत्यार वाटत नाही. खाचेच्या दोन्ही कडा समांतर आल्या आणि पिन अंगठ्याच्या दाबानं आत सरकली की जो आनंद होतो, तो इंजिन सुरू करायच्या आधीचा असतो.

जोड परत बसवल्यावर न्यूट्रल लावायचं. चाकं अजून स्टँडवरच, इंजिन चालू, लिव्हर मधोमध आणि चाक एक इंचही सरकता कामा नये. नंतर लिव्हर पुढच्या टोकाला नेऊन तबकडी खरोखर आपल्या शेवटाला पोचते का ते बघायचं. पोचत नसेल तर कांडीची लांबी जुळवायची.

तेलाचं थोडक्यात सांगते. थंड असताना ट्रॅक्टर चांगला पळतो आणि तासाभरानं मंदावतो, ही तक्रार असेल तर तापून पातळ झालेलं तेल पिस्टनांच्या आणि व्हॉल्व्ह प्लेटच्या फटींतून आतल्या आत गळतंय. मिनिटाला 54 लिटरपैकी 5 लिटर असे वाया गेले की वेग नऊ टक्क्यांनी उतरलाच. पण पंप झिजला असा निकाल द्यायच्या आधी तेल बघावं. इंटरनॅशनलनं आपल्या ट्रॅक्टरांसाठी हाय-ट्रान नावाचं खास तेल ठेवलं होतं, काही निर्मात्यांनी साधं इंजिन तेल सांगितलं होतं. ज्याच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घालायचं. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. बदलायचं, फिल्टरसकट. पंपाभोवतीचे थंडाव्याचे पंखे आणि कंगोरे वाळक्या गवतानं बुजलेले असतात, ते मोकळे करायचे. ट्रॅक्टर ढकलत न्यायला जे दोन छोटे व्हॉल्व्ह दाबतात, ते घाणीमुळे अर्धवट दबलेलेच राहिले तर तेल मोटरला वळसा घालून परत येतं, तेही तपासायचं.

एवढं झालं की ट्रॅक्टर जसा कारखान्यातून निघाला होता तसा झाला. बहुतेकांचा वेगाचा प्रश्न इथंच मिटतो, असं माझं मत आहे. त्यांना नव्यानं वाढवलेला वेग नको असतो. आजोबांच्या हाताखाली ट्रॅक्टर जसा पळायचा तसा पळायला हवा असतो, फक्त तो कसा पळायचा हे आता कुणाला आठवत नसतं.

तरीही कुणाला पुढे जायचं असेल तर चाकं. मागची 23 इंची चाकं काढून 26 इंची बसवली की प्रत्येक फेऱ्यात तेरा टक्के जास्त जमीन कापली जाते. 9 चे 10.2 होतात. इंजिनाला कळत नाही, पंपाला वेगळं काही करावं लागत नाही. पण तेरा टक्के वेगाच्या बदल्यात साधारण तेवढीच ओढ कमी होते. नांगर ओढताना किंवा ओला बर्फ ढकलताना दाबाची मर्यादा आधीपेक्षा लवकर येते, तेल लवकर तापतं. मागचा भाग दीड इंच वर उचलला जातो, त्यामुळे ट्रॅक्टर पुढे झुकतो. गवत कापायच्या डेकची पातळी नव्यानं लावावी लागते आणि टायर मडगार्डला घासतो का ते आधी पुठ्ठा कापून, लावून बघावं लागतं. वजनाचा मध्य वर जातो, आणि त्या काळच्या या ट्रॅक्टरांवर उलटल्यास माणसाला वाचवणारी चौकट सहसा नसते. ज्यांच्या जागेला उतार आहे त्यांना मी 26 इंची चाकं सुचवत नाही. आमचा भाग परातीसारखा सपाट, म्हणून इथं चालतं.

याच्याही पुढे जाणारी माणसं आहेत. इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या विसबरो ग्रीन या गावी 1973 मध्ये गवत कापायच्या यंत्रांच्या शर्यती सुरू झाल्या, त्या आजही भरतात. पाती काढून टाकायची हा तिथला पहिला नियम. मला त्या शर्यती बघायला आवडतात, पण तो वेगळा छंद आहे. त्या यंत्रांना नंतर सरपण आणायचं नसतं.

ज्याला त्याच ट्रॅक्टरवर दिवसभर कामही करायचं आहे, त्यानं वेगाआधी थांबण्याचा हिशेब करावा. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर एरवी ब्रेकनं थांबतच नाही. लिव्हर मधे आणली की तेलाचा प्रवाह थांबतो आणि चाकं आपोआप अडतात. म्हणून ब्रेककडे कुणाचं लक्ष नसतं आणि वर्षानुवर्षं ते झिजलेले किंवा गंजलेले राहतात. कब कॅडेटसारख्या ट्रॅक्टरांत ब्रेकचं पेडल दाबलं की लिव्हर न्यूट्रलला येते, त्यामुळे ब्रेक लागला असं वाटतं, प्रत्यक्षात काम पंपानं केलेलं असतं. दांड्याची जोडणी तुटली किंवा तेल गेलं तर उरतो तो फक्त तो विसरलेला ब्रेक. 9 वरून 12 वर गेलं की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते, आणि मागे लाकडांनी भरलेली ट्रॉली असेल तर ढकलणारं वजनही वाढतं. या ट्रॅक्टरांना मागे स्प्रिंगा नसतात, पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर झुलतो. खड्ड्यातून जाताना ताशी 12 ला स्टिअरिंग हातातून कसं निसटू पाहतं ते मी अनुभवलंय. त्याच्या वर जायची मला इच्छा नाही आणि कुणाला मदतही करणार नाही.

हे सगळं मी शेजाऱ्यांना त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कागदावर आकडे मांडून दाखवलं. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर हाकलेत, त्यांना समजावायची गरज नव्हती. फक्त कुठला वेग कुठे हरवलाय एवढंच पाहायचं होतं. खाच भरून झाली, रेसची केबल नव्या क्लॅम्पमध्ये बसली, इंजिन 3600 ला आलं. टपालपेटीची फेरी आता त्यांना लांब वाटत नाही. तरी 26 इंची चाकं हवीतच, असं ते म्हणतात. आणि त्यांची जागा सपाट आहे, ट्रॉली हलकी आहे, तेव्हा माझी ना नाही. भाच्यानं पुण्याहून ब्रेकच्या तबकडीचं माप तपासून दिलं आणि एक रास्त प्रश्नही विचारला: "मावशी, हँडब्रेक लावून उतारावर उभा राहतो का तो?" राहत नव्हता. ब्रेकचे पॅड येत्या आठवड्यात येतील. ते बसले, आणि ढकलायचे दोन्ही व्हॉल्व्ह दाबलेले असताना, म्हणजे पंपाचा आधार नसताना, रिकामा ट्रॅक्टर नुसत्या पेडलवर धरला गेला, की मग टायरांची ऑर्डर द्यायची, असं आमचं ठरलं आहे.